कपाशी वेचते ती, पत्रकावर मात्र तो

प्रति,
मा. संपादक यांस,

विषय : फ्लेक्स, पत्रकं आणि जाहिरातींतल्या बाया-पुरुषांच्या चित्रांबद्दल

महोदय,

खरिपाच्या तोंडावर जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रांच्या ओळीतून चालत जावं. बियाणं, खत, औषध, ठिबक, दुकान कुठलंही असो, फ्लेक्सवर एकच माणूस भेटतो. पांढरा सदरा, डोक्याला टोपी नाहीतर फेटा, एक हात कपाशीच्या बोंडावर आणि चेहऱ्यावर हसू. त्याच कपाशीची निंदणी आणि वेचणी मुख्यतः बाया करतात. नंदुरबारच्या पथारींवर मिरची पसरतात, निवडतात त्याही बहुतेक बायाच. फ्लेक्सवर त्या दिसतात, पण चार दुकानं सोडून, साडीच्या नाहीतर सोन्याच्या पेढीवर.

आम्ही याच भागात डीटीपी, फ्लेक्स, ऑफसेट आणि भिंती रंगवण्याच्या धंद्यात आहोत. हे चित्र कोणी मुद्दाम काढत नाही. ते संगणकातल्या फोल्डरातून येतं. म्हणून ते बदलायचं तर भाषणांपेक्षा फोल्डराला हात घालणं जास्त उपयोगाचं, असं आमचं म्हणणं आहे.

धंद्याची रीत अशी. पार्टी (म्हणजे गिऱ्हाईक) दुपारी व्हॉट्सॲपवर मॅटर टाकते आणि संध्याकाळी फ्लेक्स लागायला हवा असतो. डिझाइनला अर्धा तास. मग रेडीमेड पीएसडी आणि सीडीआर (फोटोशॉप, कोरलड्रॉच्या) फाइलींचा जो साठा दुकानादुकानांतून वर्षानुवर्षं फिरतोय, त्यातलं काहीतरी उचललं जातं. त्या साठ्यात ‘शेतकरी’ फोल्डरात सगळे पुरुष, ‘डॉक्टर’मध्ये पुरुष, ‘नर्स’मध्ये बाया आणि ‘महिला’ नावाचं एक वेगळंच फोल्डर : हात जोडलेली, आरतीचं ताट घेतलेली, मोबाइल पाहून हसणारी. पुरुषाची वर्गवारी कामावरून, बाईची ती बाई आहे एवढ्यावरून. पहिली दुरुस्ती इथेच करायची. फोल्डरांना कामांची नावं द्यायची : निंदणी, वेचणी, फवारणी, केळीचा घड कापणं, गाडी भरणं, बाजार, बँक, लसीकरण, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास. ‘महिला’ हे फोल्डर मोडून त्यातले फोटो या कामांत वाटून टाकायचे. वाटणी झाली की कुठे कोण नाही ते आपोआप उघडं पडतं. स्वयंपाकात आणि लसीकरणात पुरुष सापडत नाही, बँकेत आणि बाजारात बाई सापडत नाही.

रिकाम्या जागा विकतच्या फोटोंनी भरायला गेलं की वेगळीच अडचण येते. साइटवर मिळणारी ‘शेतकरी महिला’ बरेचदा कोऱ्या करकरीत साडीत, विळा भलताच धरून उभी असते. गावातला माणूस विळ्याची मूठ बघूनच ओळखतो, आणि मग सगळा फ्लेक्स खोटा वाटतो. एआयकडे खानदेशातला शेतकरी मागितला तर राजस्थानी पगडी येते, डॉक्टर म्हटलं की बहुधा पुरुषच येतो, आणि चित्रातल्या पाटीवर देवनागरीच्या नावाखाली कित्येकदा भलतीच चिन्हं उमटतात. त्यापेक्षा आपल्याच शिवारात फोटो काढावेत. महागडा कॅमेरा लागत नाही. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. ७२ डीपीआयने (इंचाला ७२ ठिपके) तो साडेचार बाय साडेतीन फुटांपर्यंत स्वच्छ छापला जातो. रस्त्यावर वीस-पंचवीस फुटांवरून बघायच्या फ्लेक्सला ३६ डीपीआयही चालतं, म्हणजे तोच फोटो नऊ बाय सात फुटांपर्यंत जातो. घात होतो तो पाठवताना. साध्या पद्धतीने व्हॉट्सॲप केला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि मोठ्या आकारात चेहरा फुटतो. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा.

वेळ सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरची. दुपारच्या उन्हात पदराखालचा चेहरा काळाठिक्कर पडतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरायचा. पुरुषाचा फोटो खालून आणि बाईचा वरून घ्यायची सवय हाताला लागलेली असते, आणि खालून घेतलेला माणूस मोठा दिसतो, वरून घेतलेला लहान. बाई बसून निंदत असेल तर फोटो काढणाऱ्यानेही सरीत बसावं. संमती लेखी हवी, आणि त्यात फोटो कशासाठी, किती काळ वापरणार ते असावं. सही येत नसेल तर वाचून दाखवून अंगठा घ्यावा. जेवढा वेळ घेतला तेवढी मजुरी द्यावी. आणि बियाण्याच्या जाहिरातीसाठी दिलेला चेहरा उद्या कर्जाच्या किंवा आजाराच्या फ्लेक्सवर दिसता कामा नये. असा एक प्रकार झाला तर त्या गावात पुन्हा कोणी फोटोला उभं राहत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते फवारणीच्या औषधाचं पत्रक. फ्लेक्सवर बाई नसली तर अन्याय होतो, पत्रकावर नसली तर विषबाधा होऊ शकते. कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणाचा रंगीत चौकोन असतो : लाल सर्वांत तीव्र, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. तो समजावणाऱ्या पत्रकात चित्र असतं ते फक्त फवारणाऱ्या पुरुषाचं. तोंडाला मास्क, हातात मोजे, पाठीवर पंप. पंपासाठी पाणी आणून देणारी, फवारलेल्या रानात दुसऱ्याच दिवशी निंदायला जाणारी आणि संध्याकाळी तेच कपडे घरच्या कपड्यांत धुणारी त्यात नाही. हा कागद आपल्यासाठी नाही असं तिला वाटतं. तिचं चुकत नाही, कागदच तसं सांगतो.

ए-फोर कागद तीन भागांत दुमडून पत्रिका केली तर एक पान ९.९ × २१ सेंटिमीटरचं येतं. एका पानावर आठ सेंटिमीटर रुंदीची दोन चित्रं नीट बसतात. पाच चित्रं पुरतात : औषध कालवणं, फवारणं, कपडे, रानात परत जाणं आणि रिकामा डबा. ज्या कामाला आपल्याकडे जो माणूस असतो तोच चित्रात दाखवायचा, हा साधा नियम. पण कपड्यांच्या चित्रात तो नियम अडतो. धुणारी बाई दाखवली तर धुणं तिचंच हे पक्कं होतं, आणि नाही दाखवली तर सूचना तिच्यापर्यंत पोचत नाही. आमच्या मते तोड अशी : चित्रात फवारणी करणाराच मोरीबाहेर कपडे उतरवून, वेगळ्या बादलीत स्वतः खळबळतो आहे आणि घरातली बाई बाकीचे कपडे बाजूला घेऊन जाते आहे. वेगळे धुवायचे, आधी साध्या पाण्यातून काढायचे, ही माहिती दोघांनाही मिळते आणि पहिला हात फवारणाऱ्याचा लागतो. रानात परत जाण्याच्या चित्रात बाया हव्यातच, आणि किती वेळाने जायचं तो आकडा औषधाच्या लेबलवरून घेऊन चित्राइतका मोठा छापायचा. अंदाजाने लिहू नये. रिकाम्या डब्याला भोक पाडलेलं दाखवावं, नाहीतर तो पाण्याला नाहीतर धान्याला वापरात येतो.

मजकुरात ‘शेतकरी बंधूंनो’ने सुरुवात करायची गरज नसते. ‘हातमोजे घाला’, ‘कपडे वेगळे धुवा’ हे सर्वांना लागू होतं आणि छोटंही होतं. वाचलेल्या जागेत अक्षर १४ पॉइंटपर्यंत नेता येतं.

आता रंग. एकाच फ्लेक्सवर नवरा सावळा आणि बायको गोरीपान, हे आपल्याला इतकं सरावाचं झालंय की डोळ्यांना खटकतही नाही. कारागीर म्हणतात, ‘सावळा रंग छपाईत काळा पडतो.’ यात तथ्य आहे. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि ५० टक्क्यांचा ठिपका छापून आल्यावर ७५ टक्क्यांच्या आसपास दिसतो. त्यात त्वचेत काळी शाई असली की डोळे, नाक, गालाची कड सगळं एक होतं. मग ब्राइटनेस ओढून चेहरा पांढरा केला जातो, आणि तो बाईचाच, कारण पुरुष काळा छापला गेला तर पार्टी तक्रार करत नाही. खरा उपाय दुसरा आहे. त्वचेतून काळी प्लेट (छपाईच्या चार शाईंपैकी काळ्या शाईचा थर) जवळजवळ काढून टाकावी. सावळ्या चेहऱ्यासाठी सुरुवातीला सायन (निळसर) २५, मॅजेंटा (गुलाबी) ५०, यलो (पिवळा) ६० टक्के धरावं. यलो मॅजेंटापेक्षा थोडा जास्त आणि सायन मॅजेंटाच्या निम्म्याच्या आत, हे प्रमाण सांभाळायचं. सायन वाढला की चेहरा राखाडी होतो, मॅजेंटा वाढला की भाजल्यासारखा लाल. कर्व्हमध्ये (उजळ-गडदपणा बदलायच्या रेघेत) मधला ५० चा टप्पा ४० पर्यंत खाली आणावा आणि शाईची एकूण बेरीज कुठेही २४० टक्क्यांवर जाऊ देऊ नये. एवढं करूनही चेहरा उठत नसेल तर दोष चेहऱ्याचा नसतो, मागच्या गडद जांभळ्या पट्ट्याचा असतो. मागचा रंग फिका करा, चेहरा आपोआप पुढे येतो. आणि जो कर्व्ह पुरुषाला तोच बाईला. दोघांना एकाच लेअर-ग्रुपमध्ये ठेवलं तर वेगळा ब्राइटनेस लावायचा मोहच होत नाही.

फ्लेक्सवर शाई अशी पसरत नाही, पण आपलं ऊन आहे. मॅजेंटा आणि यलो आधी उडतात, म्हणून वैशाखातला फ्लेक्स निळसर दिसतो. महिला दिनाचा गुलाबी तर सर्वांत आधी जातो. भिंतीवर फ्लोरोसंट गुलाबी मारला तर एक उन्हाळाही टिकत नाही. गेरू आणि काळा वर्षानुवर्षं राहतो. गुलाबी टाळायला एवढं कारण पुरे, विचारसरणीचा वाद घालायची गरज नाही.

महिला दिनाचं निघालंच तर अष्टभुजेबद्दल. एका हातात लाटणं, एकात लॅपटॉप, एकात बाळ, एकात स्टेथोस्कोप. हे चित्र दर ८ मार्चला डझनावारी छापलं जातं आणि छापणाऱ्यांना ते प्रगत वाटतं. त्यातून निघणारा अर्थ मात्र असा की नोकरी कर, पण लाटणं खाली ठेवू नकोस. घरातल्या पुरुषाचे दोन हात त्या चित्रात कुठेच नसतात. याच जातीचं दुसरं चित्र म्हणजे बाईला फेटा, गॉगल आणि बुलेट देऊन ‘ती कुठे कमी नाही’ म्हणणं. एखाद्या जागी ते शोभतं. पण बाकी सगळं तसंच ठेवून नुसती माणसांची अदलाबदल केली की लोक हसतात आणि पुढे जातात. मांडणीत बाई नेहमीसारखी, कामात मग्न, कॅमेऱ्याकडे न बघणारी असेल तर ते जास्त मुरतं. बहिणाबाईंचंच बघा. असोद्यात जन्मलेल्या या बाईच्या कवितेत पेरणी आहे, कापणी आहे, मोट आहे, सगळं शेत आहे. विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पोस्टरवर मात्र बहुतेक वेळा त्या जात्यापाशीच बसलेल्या.

‘लेक वाचवा’च्या भिंतींबद्दल जास्त स्पष्ट बोलायला हवं. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे राज्यात ८९४ मुली होत्या, जळगाव जिल्ह्यात ८४२. म्हणजे या भिंती रंगवायला कारण होतं. पण त्यांवर मजकूर काय, तर मुलगी नसेल तर सून कुठून आणाल, राखी कोण बांधेल, भाकरी कोण भाजेल. मुलगी वाचवायची ती पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून. सोबत पोटाचं चित्र, ज्यात बाईला डोकंच नाही. रंगवणाऱ्यांनी एवढं करावं : डोक्याशिवायची बाई काढायची नाही, आणि मुलगी काहीतरी करताना दाखवायची. सायकलवर, फळ्यापाशी, कबड्डीच्या मैदानात. शेजारी बाप असेल तर तिला कडेवर घेऊन किंवा तिची वेणी घालताना. भिंत दहा बाय सहा फुटांची असेल तर एक-एक फुटाचे चौकोन आखून, कोऱ्या प्लास्टरवर अ‍ॅक्रिलिक प्रायमरचे दोन हात देऊन मग बाहेरच्या कामाचा इमल्शन रंग. नुसत्या चुन्यावर मारला की पहिल्या पावसात पापुद्रे सुटतात. चार शाळांच्या भिंती करायच्या तर सनबोर्डची स्टेन्सिल कापून ठेवावी, मुलीचं तोंड चारही ठिकाणी सारखं येतं.

सरपंचांच्या फ्लेक्सचा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा. स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. फ्लेक्सवर मात्र निवडून आलेल्या बाईचा फोटो पासपोर्टएवढा आणि पतिराज कमरेपर्यंत. यावर डिझायनरने पार्टीला ‘बाईंचा फोटो मोठा घेऊ का?’ असं विचारू नये, उत्तर ठरलेलं असतं. सरळ दोन प्रूफ (छपाईआधीचे नमुने) करून पाठवावीत. दहा बाय आठच्या फ्लेक्सवर जिचं पद तिचा चेहरा हनुवटीपासून केसांपर्यंत दोन फूट, बाकी सर्व एका ओळीत आठ-नऊ इंचांचे. तयार, नीटनेटकं प्रूफ समोर आलं की बरेचदा तेच पसंत पडतं, छपाईचा खर्चही तोच. नाव आणि पद साठ फुटांवरून वाचता यायचं तर अक्षर सहा इंच हवं. दहा फुटांमागे एक इंच हा हिशेब, आणि तो शिरोरेघेखालच्या अक्षराचा, मात्रा-वेलांट्या सोडून. इंग्रजीच्या हिशेबाने दोन ओळींतलं अंतर ठेवलं तर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. बाईंचं नाव त्या सही करतात तसंच छापावं.

टाइपाचंही असंच. बाईसाठी नाजूक, वळणदार, पुरुषासाठी जाड, ठोकळा. ‘मुक्त’सारख्या मोफत युनिकोड फॉन्टमध्ये सात वजनं आहेत, सगळ्यांचं काम त्या एका घराण्यात भागतं.

बचत गटांच्या लेबलांवर कमळ, गुलाबी वेलबुट्टी आणि हात जोडलेली बाई असते, आणि खाली ‘महिलांच्या कष्टाला साथ द्या’. दया म्हणून माणूस उडदाचे पापड एकदा घेतो, दुसऱ्यांदा घेत नाही. कळण्याचं पीठ, बिबडे, केळीचे वेफर्स, जे काय असेल त्याचं नाव आणि फोटो सगळ्यांत मोठा, गटाचं नाव ‘उत्पादक’ म्हणून, वजन, किंमत, घटक, बॅच, तारीख, हिरवा ठिपका आणि १४ आकडी अन्न परवाना क्रमांक. बाराशे-पंधराशे पाकिटांसाठी छापील पाऊच परवडत नाही, स्टिकर करावेत. १२ × १८ इंचांच्या डिजिटल शीटवर ३ × ४ इंचांची बारा लेबलं ब्लीडसकट (कापण्यासाठी कडेला सोडलेल्या जादा छपाईसकट) बसतात.

पाट्यांबद्दल थोडक्यात. एसटी स्थानकांतला हिरकणी कक्ष स्तनपानासाठी आहे, तो बायांचाच असावा. पण बाळाचे कपडे बदलायचं फळकुट त्याच खोलीत असलं तर बाळाला घेऊन निघालेला बाप काय करणार? ते बाहेर, दोघांना पोचता येईल असं हवं, आणि त्यावरच्या चिन्हात नुसतं बाळ आणि टेबल पुरे. लसीकरणाच्या पोस्टरवर बाळ बापाच्या मांडीवर दाखवायलाही काही लागत नाही.

यातलं काही फार क्रांतिकारक नाही. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले. मुंबईत दादरच्या पादचारी सिग्नलवर २०२० मध्ये बाईची आकृती आली. जाहिरातींच्या स्वनियमनासाठी असलेल्या एएससीआयने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार बाई घर झाडताना दाखवायला हरकत नाही. घरच्यांनी पसारा करायचा, पुरुषाने पाय पसरून बसायचं आणि आवरायचं एकट्या बाईने, असं सुचवणं मात्र चालत नाही. तक्रार कुणीही वाचक करू शकतो.

प्रूफ मंजूर करण्याआधी एक चाचणी करावी. मजकुरावर कागद ठेवून दुकानात आलेल्या कुणालाही पाच सेकंद चित्र दाखवावं आणि विचारावं : यात मालक कोण, काम कोण करतंय, हे कुणासाठी आहे? उत्तरं पार्टीच्या मालाशी जुळत नसतील तर चित्र बदलावं. पुरवणी किंवा कॅटलॉग असेल तर सगळ्या पानांवरची माणसं मोजावीत. अवजार कोणाच्या हातात, बोलणारा कोण, ऐकणारा कोण. दहा मिनिटांचं काम आहे.

आपल्याकडे मागणं दोन. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पुरवणीत झोक्यावरच्या लेकीबाळी असतात, असाव्यातच. पोळ्याच्या आणि कृषी पुरवणीत मात्र एकही बाई नसते. तिथे वेचणीच्या, बाजाराच्या, बँकेच्या फोटोंत त्या याव्यात. दुसरं, आपला जाहिरात विभाग एजन्सींना आकार आणि डीपीआयच्या ज्या सूचना पाठवतो, त्यांत त्वचेतली काळी प्लेट काढण्याची आणि दोघांना एकच कर्व्ह लावण्याची ओळ घालावी. कपाशी फवारणीचं वर सांगितलेलं पाच चित्रांचं पत्रक आपल्या कृषी पुरवणीसाठी आम्ही विनामूल्य देऊ. फाइल न्यूजप्रिंटच्या हिशेबाने, २०० डीपीआयला तयार आहे. परत जाण्याच्या वेळेची जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे, ती त्या-त्या औषधाच्या लेबलवरून भरावी.

आपले,
खानदेशातील डिझाइन व छपाई व्यवसायातले काही वाचक